दोन काटे

मुकुटबनात 'काटा' हा शब्द कोणी उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात बाभळीचा काटा येत नाही, घड्याळाचाही येत नाही. येतो तो रस्त्याकडेला जमिनीशी समतल बसवलेला, लोखंडी फळीचा वजनकाटा, ज्यावर मालमोटार आपली सगळी चाके टेकवून क्षणभर स्तब्ध उभी राहते आणि शेजारच्या खोलीतला कारकून खिडकीतून हात काढून चिठ्ठी पुढे करतो. पैनगंगेच्या उत्तरेस, झरी जामणी तालुक्यात वसलेल्या या गावाचे नशीब प्रथमपासून वजनावर विकल्या जाणाऱ्या जिनसांशी बांधलेले आहे. आधी कापूस, मग वणीच्या पट्ट्यातला कोळसा, आणि ज्या चुनखडीला भूगर्भशास्त्रज्ञांनी पैनगंगेचेच नाव दिले, तिच्यावर उभा राहिलेला व २०२२ साली सुरू झालेला, वर्षाला ३९ लाख टनांच्या क्षमतेचा सिमेंटचा कारखाना. माजरीहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्गही या गावावरून जातो, आणि त्या मार्गाने येथून काय बाहेर पडते हे सांगायचे झाले तर टनांतच सांगावे लागते.

अशा गावात माणसाच्या स्वतःच्या वजनाची चर्चा व्हावी, तीही कामाच्या जागी, दुपारच्या सुटीत, डब्याचे झाकण उघडता उघडता, ही गोष्ट मागच्या पिढीतील कोणास सांगितली असती तर त्याने ती थट्टाच समजली असती. आज मात्र "किती उतरलं, भाऊ?" हा प्रश्न येथल्या पाळीवरच्या माणसांत आणि कचेरीतल्या माणसांत सारख्याच सहजतेने विचारला जातो. कोणी महिनाभर भात सोडलेला असतो, कोणी साखर सोडलेली असते, आणि बहुतेकांनी जे सोडले ते तिसऱ्या आठवड्यात पुन्हा धरलेले असते. हा तिसरा आठवडा का येतो, याचा विचार करता करता मला असे दिसून आले की दोष संकल्पाचा जितका आहे त्याहून अधिक दिवसाच्या घडणीचा आहे, आणि त्या घडणीला इतिहास आहे.

माणसाचे वजन करण्याची प्रथा आपल्याकडे जुनीच, परंतु ती दानासाठी होती. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी महाबळेश्वरी शिवाजीमहाराजांनी जिजाबाईंची व वृद्ध सोनोपंत डबिरांची सुवर्णतुला केली, तेव्हा पारड्यात बसलेल्या व्यक्तीचे वजन किती भरले याला महत्त्व होते ते समोरच्या पारड्यातील सोन्याकरिता. वजन अधिक भरले तर पुण्य अधिक, अशी ती सोयीची व्यवस्था होती. कष्ट करणाऱ्या माणसाचे वजन नियमाने करून ते दप्तरात नोंदवावे, अशी तजवीज मला ज्या कायद्यात प्रथम आढळली तो कायदा मात्र ना कारखान्यांचा आहे ना आरोग्याचा. तो १८९४ सालचा तुरुंगांचा कायदा. सक्तमजुरीच्या प्रत्येक कैद्याचे वजन निदान पंधरवड्यातून एकदा करून त्याच्या तिकिटावर नोंदवावे, आणि एखाद्या कामामुळे त्याची प्रकृती ढासळत आहे असे वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत झाल्यास त्याला त्या कामावरून काढून दुसरे योग्य काम द्यावे, असा त्याच्या पस्तिसाव्या कलमाचा आशय आहे. म्हणजे आज ज्या उताराबद्दल सहकारी पाठ थोपटतात, तोच उतार त्या तिकिटावर दिसला तर ती धोक्याची खूण ठरत असे.

वजनाचा उतार ही किती गंभीर बाब मानली जाई, हे या मुलखाला चांगले ठाऊक आहे. लोकनायक बापूजी अणे हे जवळच्याच वणीचे. १८८० साली त्यांचा तेथे जन्म झाला. फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले, तेव्हा अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, आणि सरकार गांधीजींना सोडीत नाही हे पाहून त्यांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अधिकारपदाचा राजीनामा दिला. एका कृश माणसाच्या आणखी कृश होण्याकडे सारा देश डोळे लावून बसला होता.

कारखान्यांच्या कायद्याला मजुराच्या वजनाची पर्वा नव्हती, त्याने उचललेल्या ओझ्याची थोडीबहुत होती. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्यातही चौतिसावे कलम होते ते इजा होईल इतके ओझे मजुरास उचलावयास लावू नये यासंबंधी. खाणींत ठरावीक वर्षांनी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत उंची आणि वजन लिहिले जाऊ लागले, विमा कंपन्यांच्या डॉक्टरांनी उंचीवजनाची कोष्टके आणली, रेल्वेच्या फलाटावरील यंत्रात नाणे टाकले की एका बाजूस वजन व दुसऱ्या बाजूस भविष्य छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट पडू लागले. आणि त्या तिकिटाची कोणती बाजू लोक आधी वाचीत, हे सांगावयास नको.

हा झाला एक काटा. दुसरा काटा घड्याळाचा. आणि माझे म्हणणे असे की पहिल्या काट्याचे सारे दैव या दुसऱ्या काट्याच्या हातात आहे.

या भागात घड्याळ येण्यापूर्वीचा कष्टाचा दिवस कसा होता ते वृद्ध माणसांकडून ऐकावे. दिवस कासराभर वर आला की वावरात पोचायचे. घरी रात्रीची शिळी भाकर उरली असेल तर तिचा तुकडा, नसेल तर काही नाही. सूर्य माथ्यावर आला की बांधावरच्या झाडाखाली बसून धडप्याची गाठ सोडायची. आत ज्वारीच्या दोन भाकरी, एकीवर दुसरी उपडी; मधल्या पोकळीत अंबाडीची भाजी किंवा जवसाची चटणी, जिचे तेल वरच्या भाकरीला लागून तिला मधोमध काळसर डाग पडलेला; बुक्कीने फोडलेला कांदा, आणि मडक्यातले पाणी. त्यानंतर जे खायचे ते रात्री, घरी, चुलीपुढे. मध्ये काही नाही. हे वर्णन करताना मी त्या दिवसांची आरती ओवाळीत आहे असे कृपा करून कोणी समजू नये. 'मध्ये काही नाही' याचे कारण बहुधा संयम नसून कोठीतला खडखडाट हेच असे, आणि बोंडे वेचणाऱ्या बाईला कोणी वजन उतरविण्याचा उपदेश केला असता तर तिने त्याच्याकडे कसे पाहिले असते याची कल्पना करवत नाही. परंतु दारिद्र्याने का होईना, पोटाचा जो क्रम बसला होता तो असा होता: दोन जेवणे आणि त्यांच्यामध्ये लांबलचक रिकामी जागा.

या रिकाम्या जागेत प्रथम भोंगा शिरला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास सुरू झाली. वऱ्हाडात जिनिंगचे कारखाने निघाले. आणि सूर्याऐवजी भोंग्याच्या इशाऱ्यावर भूक लागण्याची सवय माणसाला करून घ्यावी लागली. मुंबईच्या गिरण्यांत तर दुपारी जेवणासाठी यंत्र थांबवावे असा नियमच नव्हता. सत्यशोधक विचारांचे आणि 'दीनबंधू'चे संपादक असलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार गिरणीकामगारांच्या सह्यांचा जो अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला, त्यात आठवड्याची सुटी होती, पगाराची मुदत होती, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी ही मागणीही होती. १८९१ च्या सुधारित कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम बंद ठेवणे बंधनकारक केले. आज डब्याचे झाकण ज्या अर्ध्या तासात उघडते तो अर्धा तास कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. तो अर्ज करून, सभा भरवून मिळविलेला आहे, आणि तो कारखान्याच्या दारातल्या टपरीपुढे उभ्याउभ्या भजी खाण्यात घालवताना मला तरी संकोच वाटतो.

आता १८९० हे साल पाहा. त्या वर्षी १० जूनला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचा डबा कचेरीत पोचविण्याच्या धंद्याचा पाया घातला, असे डबेवाल्यांच्या परंपरेत मानले जाते. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोश्यांनी जमविलेल्या मंडळींपुढे चहाचे पेले ठेवण्यात आले; त्या मंडळींत रानडे होते, टिळक होते. आणि नंतर जोश्यांनी सर्वांची नावे छापून आणल्यामुळे जे ग्रामण्य माजले, ते निस्तरण्यासाठी कित्येकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. सुटी, डबा आणि चहा ही त्रयी एकाच वर्षी महाराष्ट्राच्या दारात यावी हा योगायोगच. परंतु नोकरदार माणसाच्या पोटाचा इतिहास जो कोणी लिहावयास घेईल त्याने आरंभ त्या वर्षापासून करावा. चहाचे प्रायश्चित्त तर अजून चालूच आहे: पूर्वी ते धर्मशास्त्रानुसार घेत, आता वजन उतरविण्याच्या वहीत घेतात.

पंचहौदातला चहा हौशी होता. कामाच्या जागी आलेला चहा मात्र हेतुपुरस्सर आणलेला आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. मळेवाल्यांच्या निर्यातीवर १९०३ साली जो उपकर बसला, त्याच्या उत्पन्नातून चहाचा प्रसार करणारी समिती उभी राहिली. विलायतेत खप पुरेसा वाढेना म्हणून तिची दृष्टी हिंदुस्थानातील कोट्यवधी मुखांकडे वळली. आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने व कोळशाच्या खाणी येथे चहाच्या टपऱ्या उघडण्याचा सपाटा सुरू झाला. मालकांना पटवून देण्यात आले की मजुराला चहा दिला तर थकवा जातो आणि काम अधिक निघते. थकवा खरोखर गेला की नाही ते मजूर जाणे. पण दिवसाच्या दोन जेवणांमधील ती रिकामी जागा कायमची व्यापली गेली. चहाबरोबर साखर आली. लोणीच्या माळावर १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना धुरांडे ओकू लागला व त्यामागोमाग महाराष्ट्रभर कारखाने निघाले, तेव्हा साखर ही सणाची चीज न राहता रोजची झाली. साखरेमागोमाग बशीतला पदार्थ आला. ज्याला आपण 'मधल्या वेळचे खाणे' म्हणतो ते मुळात शाळकरी पोरांचे. ते मोठ्यांचे झाले ते असे.

१९४८ च्या कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह असावे अशी तरतूद केली, आणि खाणींनाही तसाच नियम लागू झाला. तो काळ अन्नटंचाईचा होता. कामगाराच्या पोटात स्वस्तात चार घास अधिक जावेत हा त्या नियमामागील हेतू अत्यंत योग्य होता. परंतु काळ फिरला. फावड्याच्या जागी यंत्र आले, पाटी वाहणाऱ्याच्या जागी पट्टा आला, माणूस नियंत्रणकक्षातल्या खुर्चीवर बसला. आणि उपाहारगृहातील आलूबोंडा मात्र पाटी वाहणाऱ्याच्या मापाचाच राहिला. शिवाय हल्ली वाढदिवस आले आहेत. पन्नास माणसांच्या खात्यात वर्षाला पन्नास वाढदिवस, म्हणजे आठवड्याला सरासरी एक केक. पूर्वी एवढे सण कोणत्याही पंचांगात नव्हते.

स्थूलता हा रोग आपल्या पूर्वजांस अज्ञात होता असे नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात ज्या आठ प्रकारच्या देहांना निंद्य मानले आहे त्यांत अतिस्थूल येतो, आणि त्याच्या कारणांत अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोप यांबरोबर चिंता नसणे हेही सांगितले आहे. या शेवटल्या कारणाबाबत मात्र आजच्या नोकरदारांवर अन्याय होत आहे, कारण त्यांना चिंता भरपूर असून पोटही भरपूर आहे. उपचारात जव, कुळीथ, मूग आणि ताक यांचा उल्लेख येतो. तत्त्व असे की पोट जड राहावे परंतु पोषण बेताचे व्हावे. ज्वारीची भाकर खाणाऱ्या आणि ताक पिणाऱ्या मुलखाला हे तत्त्व शिकविण्यासाठी आचार्याची गरज नव्हती, इतकेच.

आमच्या काळात या प्रश्नाला विदर्भातूनच एक उत्तर आले. काटोल तालुक्यात जन्मलेले, पदव्यांच्या संख्येमुळे आख्यायिका झालेले डॉ. श्रीकांत जिचकार आहारावर व्याख्याने देत, आणि दिवसातून दोनच वेळा खावे असे त्यांचे प्रतिपादन असे. २ जून २००४ रोजी त्यांचे अपघाती निधन झाले. त्यांचा विचार पुढे नेला तो लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तेव्हाचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्यात, त्या दोन वेळा पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा याखेरीज काही घेऊ नये, आणि रोज पाऊण तास चालावे. कारण प्रत्येक खाण्यागणिक इन्शुलिन स्रवते आणि ते वारंवार स्रवणे बरे नाही, असे त्यांचे म्हणणे. राज्य शासनाने स्थूलताविरोधी मोहिमेसाठी त्यांना सदिच्छादूत नेमले, तेव्हा महाराष्ट्रात जो वाद पेटला तो कित्येकांस आठवत असेल. ऋजुता दिवेकरांसारख्या आहारतज्ज्ञ थोड्या थोड्या अंतराने, आपल्या मातीतले खावे या पक्षाच्या. घराघरांत दीक्षितपंथी आणि दिवेकरपंथी असे दोन तट पडले, आणि एका ताटात जेवणारी नवराबायको दोन वेळापत्रकांवर जेवू लागली. वैद्यकीय निवाडा करण्याचा अधिकार मला नाही, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरला विचारल्यावाचून यात पडू नये हे उघड आहे. मला त्यात जे दिसले ते असे की दीक्षितांचा सारा कटाक्ष ताटातल्या पदार्थांवर नसून मधल्या जागेवर आहे. ज्या रिकाम्या जागेत एक शतकापूर्वी टपरी बसवली गेली, ती जागा ते पुन्हा रिकामी करू पाहत आहेत.

पाळीवाल्यांची अडचण याहून बिकट. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी अशा फिरत्या चाकावर ज्याचा आठवडा फिरतो, त्याने कडकडीत भुकेच्या दोन वेळा ओळखायच्या कशा? या आठवड्यात भूक अकराला लागते, पुढच्या आठवड्यात पहाटे तीनला, आणि पहाटे तीनला झोप घालविण्यासाठी गोड चहावाचून दुसरा सोबती नसतो. सारे आहारक्रम दहा ते पाचच्या माणसाने दहा ते पाचच्या माणसासाठी रचलेले आहेत, असे माझ्या ओळखीचा एक पाळीवाला म्हणतो, आणि त्याला उत्तर द्यायला मला अजून सुचलेले नाही.

मी स्वतः दहा ते पाचचा. मीही हा प्रयोग आठ महिने केला, म्हणून लिहितो. पहिले दोन आठवडे उत्साहात गेले, तिसऱ्यात घात झाला, आणि तो जेवणात झाला नाही; झाला तो चार वाजता, जेव्हा शिपायाने तारेच्या जाळीत सहा पेले घेऊन दार ढकलले. या मुलखात पुढे केलेला चहा नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे. पहिल्या दिवशी "बरं नाही का?" झाले, दुसऱ्या दिवशी "राग आला का?" झाले, तिसऱ्या दिवशी मी पेला घेतला, आणि पेला घेतल्यावर बिस्किटाने काय पाप केले होते! चौथ्या आठवड्यात मी युक्ती बदलली. घरून पातळ ताकाची बाटली आणू लागलो, आणि चार वाजले की सर्वांच्या आधी तीच त्या काचेच्या पेल्यात ओतून हातात धरून उभा राहू लागलो. पेला हातात असला की कोणी विचारीत नाही. सोबत एक हजेरीपट आखला: वजनाचा रकाना त्यात ठेवलाच नाही, फक्त चार वाजताचा ठेवला, मध्ये काही खाल्ले नाही तर हजर, खाल्ले तर गैरहजर. गैरहजेरीच्या खुणा पहिल्या महिन्यात अकरा होत्या, सहाव्यात दोन.

वजनाचा रकाना न ठेवण्याला कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे एक छायाचित्र. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. त्यात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही नेमका २२.३, परंतु युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणारा आपला माणूस आतून लठ्ठ असू शकतो, हे त्यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचे सार एका चित्रात आले. तेव्हा काट्यावर फार विसंबू नये, हे मी मनाशी धरले.

तरीही मोह झालाच. प्रयोगाच्या आरंभी गमतीने मी रस्त्याकडेच्या त्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो होतो. मालमोटारींच्या मधल्या मोकळ्या वेळात, एकटाच, एवढ्या लांबरुंद लोखंडी फळीच्या मधोमध. दवाखान्यातले वजन त्या दिवशी ८४ किलो होते, आणि खिडकीवरच्या लाल आकड्यांत आले होते ८०. आठ महिन्यांनी दवाखान्यात ७६ भरलो, आणि परतताना, कारकून ओळखीचा झालेला म्हणून, पुन्हा त्या फळीवर गेलो. तो काटा दहा किलोंच्या पटीतच बोलतो, हे माझ्या ध्यानात आले ते लाल आकडे स्थिरावल्यानंतर. पुन्हा ८० च.

कारकुनाने खिडकीतून मान बाहेर काढली, जुनी आठवण ताडून पाहिली आणि हळहळून म्हणाला, "तुमचं तर काहीच नाही उतरलं, भाऊ." तेवढ्यात मागून कोळशाच्या गाडीने भोंगा वाजवला, आणि मी फळीवरून खाली उतरलो.